तिलमान रीमेनश्नायडर : वेदी कोरणारे हात

आमच्या रोहे गावाजवळून वाहणारी कुंडलिका नदी पश्चिमेस जाता जाता रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी पोर्तुगीज अमदानीतील चौल शहराचा तट आजही उभा आहे. १५२१ साली पोर्तुगिजांनी तेथे आपले ठाणे वसविण्यास आरंभ केला आणि १७४० साली ते मराठ्यांच्या स्वाधीन झाले. सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या या अवधीत त्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व येशूसंघीय धर्मगुरूंची मंदिरे व मठ बांधले गेले. संत बार्बराच्या मठाचा उंच मनोरा, ज्यास लोक सातखणी म्हणून ओळखतात, तो अजूनही दुरून दिसतो. आमच्यापैकी पुष्कळांनी नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह ते अवशेष पाहिले असतील.

पाहणाऱ्याच्या मनात एक गोष्ट भरल्यावाचून राहत नाही. तेथे जे उरले आहे ते सारे दगडाचे आहे. ज्या वेदीपुढे आमच्या पूर्वजांनी गुडघे टेकले, ज्या प्रवचनपीठावरून त्यांना शुभवर्तमान ऐकू आले, ज्या पेटीपाशी त्यांनी पापनिवेदन केले, ते लाकडी सामान त्या भिंतींत आता नाही. आणि ज्या सुतारांनी ते घडविले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आमच्या तोंडी नाही. मंदिर कोणी बांधविले, पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोणी दिली, हे लोक लक्षात ठेवतात. वेदीवरील द्राक्षवेल कोणाच्या पटाशीने उमलली, हे मात्र एका पिढीतच विसरले जाते.

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षी अशाच एका विसरलेल्या व पुन्हा सापडलेल्या सुताराचे चरित्र वाचकांस सादर करावे असे आम्ही योजिले आहे. तो आपल्या देशातला नव्हे, जर्मनीतला होता. परंतु महाराष्ट्रातील कॅथलिक समाजास जर्मनी हा अगदीच परका देश नाही. आमच्या घरोघरी वाचले गेलेले 'निरोप्या' हे मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीच सुरू केले. ज्या देशातून असे धर्मगुरू आमच्याकडे आले, त्याच देशात त्यांच्या आधी चारशे वर्षे हा कारागीर होऊन गेला. त्याचे नाव तिलमान रीमेनश्नायडर. लाकडात प्रभूची व त्याच्या मातेची मूर्ती कोरणाऱ्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे झाले आहेत.

तिलमानाचा जन्म १४६० सालच्या सुमारास जर्मनीच्या मध्यभागातील हायलिगेनश्टाट या गावी झाला. पुढे त्याच्या पित्याने ते गाव सोडून ऑस्टेरोडे येथे बिऱ्हाड केले व तेथे तो टांकसाळीचा प्रमुख झाला. घर सुखवस्तू होते. तिलमानाचा एक चुलता वुर्त्सबुर्ग शहरी बिशपांच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होता. तरुण तिलमानाने मात्र हाती पटाशी धरली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो गावोगाव फिरून निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली शिकला आणि १४८३ साली वुर्त्सबुर्ग येथे येऊन चित्रकार, मूर्तिकार व काचकाम करणारे यांच्या संघात त्याने आपले नाव नोंदविले. हा संघ संत लूक याच्या नावाचा होता. संत लूकाने पवित्र मरियेचे चित्र काढले अशी जुनी समजूत असल्यामुळे ठिकठिकाणचे कलावंत त्यास आपला आश्रयदाता संत मानीत.

दोन वर्षांनी, १४८५ साली, त्याने आना श्मिट नावाच्या एका सोनाराच्या विधवेशी विवाह केला. तिला पहिल्या पतीपासून तीन मुलगे होते. या विवाहाने त्यास शहराचे नागरिकत्व मिळाले, उस्ताद म्हणून स्वतंत्र कारखाना चालविण्याचा हक्क मिळाला आणि राहावयास घरही मिळाले. पुढे संसारात त्याच्या वाट्यास दुःखही पुष्कळ आले. पत्नीवियोग होऊन त्यास पुनःपुन्हा विवाह करावा लागला व असे चार विवाह झाले. त्याचा मुलगा यर्ग हाही पित्याच्याच धंद्यात पडला.

आता त्याच्या कामाकडे वळू. त्या काळी जर्मनीतील मंदिरांत वेदीच्या मागे पंखांची वेदी उभी करीत. तिचे स्वरूप एखाद्या उंच कपाटासारखे असे. मधल्या खणात मोठ्या मूर्ती, दोन बाजूंस दारांप्रमाणे मिटणाऱ्या फळ्या व त्यांवर उठावाची चित्रे, खाली बैठकीचा लहान खण, आणि वर आकाशाकडे निमुळती होत गेलेली जाळीदार शिखरे. आपल्याकडे उत्सवाच्या दिवशी ठेवणीतली वस्त्रे व दिवे बाहेर काढतात, तद्वत तेथे पुष्कळ ठिकाणी सणाच्या दिवशी ही दारे उघडीत व एरव्ही मिटून ठेवीत. एवढ्या मोठ्या कामास एक माणूस पुरत नसे. सांगाडा व शिखरे सुतार करी, मूर्ती मूर्तिकार कोरी आणि शेवटी रंगारी येऊन त्यांवर रंग व सोन्याचा वर्ख चढवी.

मूर्तींसाठी त्या प्रांतात लिंडन नावाच्या झाडाचे लाकूड वापरीत. ते फिकट, हलके व एकसारख्या बारीक रेषांचे असते. आमच्या सागवानाप्रमाणे ते ऊन-पावसाला टिकणारे नाही, परंतु पटाशीला ते आडवेतिडवे कसेही वश होते. झाडाचे खोड उभे चिरून अर्धे घेत आणि मागच्या बाजूने ते पोखरून पोकळ करीत. याचे कारण आमच्या सुतारांस सांगावयास नको. लाकूड वाळताना बाहेरचा भाग आतल्या गाभ्यापेक्षा अधिक आकसतो, आणि गाभा तसाच राहिला तर मूर्ती उभी तडकते. मग तो पोकळ ओंडका बाकावर आडवा बांधून काम चाले. आरंभी मोठ्या हत्याराने ढोबळ आकार काढीत, नंतर रुंद व गोल पटाश्यांनी वस्त्राच्या चुण्या पाडीत आणि सर्वांत शेवटी बारीक पटाशीने डोळे, ओठ, केस व बोटांच्या शिरा कोरीत. भरजरी वस्त्र दाखवावयाचे असेल तेथे लहान ठशांनी ठोकून लाकडावरच नक्षी उठवीत.

या कामात तिलमानाने एक नवे पाऊल टाकले. १४९० साली म्युन्नरश्टाट गावच्या लोकांनी आपल्या मंदिरासाठी संत मरिया माग्दालेना हिची वेदी त्याच्याकडे सोपविली. १४५ गुल्डन हा मोबदला ठरला. १४९२ साली वेदी पुरी होऊन बसविली गेली, तेव्हा तिच्यावर ना रंग होता ना सोने. रंगाचा थर चढावयाचा असेल तर मूर्तिकारास बारकावे राखण्याचे कारण नसते, कारण खडूचा लेप त्यांस बुजवून टाकतो. तिलमानाने लाकूड उघडेच राहणार असे धरून काम केले. बुबुळे व ओठ यांना किंचित रंगाचा स्पर्श आणि सर्वांगावर तपकिरी छटेचा पातळ लेप, एवढेच त्याने दिले. मूर्तीचे रूप उजेड व सावली यांवर सोपविले. सकाळच्या उन्हात चेहऱ्यावर एक भाव दिसावा व संध्याकाळी दुसरा, असे ते काम होते. रंग न दिलेल्या अशा वेद्या करणाऱ्या पहिल्या कारागिरांत त्याची गणना होते.

परंतु गावच्या लोकांना सोन्याची सवय होती. उघडे लाकूड त्यांना अपुरे वाटले असावे. बारा वर्षांनी त्यांनी फाइट श्टोस या दुसऱ्या नामांकित कलावंताकडून त्या वेदीवर रंग व वर्ख चढविले, आणि त्याबद्दल २२० गुल्डन दिले. वाचकांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कोरणाऱ्यास १४५ आणि रंगविणाऱ्यास २२०. कोरलेल्या कामावर आणखी काही चकचकीत चढविल्याखेरीज देवाचा मान राहत नाही, ही समजूत आजकालची नव्हे.

तिलमानाची कीर्ती यामुळे कमी झाली नाही. वुर्त्सबुर्गच्या नगरसभेने मरियेच्या मंदिराच्या दारासाठी त्याच्याकडून आदाम व एवा यांच्या दगडी मूर्ती करविल्या. बाम्बेर्ग येथील महामंदिरात संत सम्राट हेन्री व त्याची पत्नी संत कुनिगुंडे यांचे समाधिस्थान त्याने १४९९ ते १५१३ या काळात घडविले. दगड व लाकूड दोन्ही त्याच्या हाती सारखेच बोलत. तरीही त्याचे अंतःकरण पाहावयाचे असेल तर त्याच्या दोन लाकडी वेद्यांकडेच गेले पाहिजे.

त्यांतील पहिली टाउबर नदीकाठच्या रोथेनबुर्ग शहरी संत याकोबाच्या मंदिरात आहे. तेथे प्रभूच्या पवित्र रक्ताचा अवशेष म्हणून एक स्फटिक जपलेला होता व त्याच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येत. त्यासाठी नवी वेदी करावयाचे ठरले. १४९९ साली एर्हार्ट हार्शनर नावाच्या सुतारास सांगाड्याचे काम दिले, आणि १५०१ साली मूर्तींचे काम तिलमानाकडे आले. करारात दोघांचाही मोबदला ५० गुल्डन होता. सांगाडा करणारा सुतार व देशभर नावाजलेला मूर्तिकार यांस शहराने एकच मोल ठरविले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याने सांधे बसविले त्याच्या हाताखेरीज ज्याने चेहरे कोरले त्याचे काम उभेच राहिले नसते.

१५०५ साली पुरी झालेली ही वेदी सुमारे ३० फूट उंच आहे. मधल्या खणात प्रभूचे शेवटचे भोजन कोरले आहे. असे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल, परंतु येथे एक विलक्षण गोष्ट आहे. नेहमीप्रमाणे मधोमध प्रभू नाही. मधोमध पैशाची पिशवी धरून उभा आहे तो यहूदा. प्रभू बाजूस असून त्यास घास देत आहे. बाराजण बसलेले, कोणी विचारीत, कोणी दचकलेले, योहान प्रभूच्या कुशीस टेकलेला, आणि या सर्वांच्या मध्ये विश्वासघात करणारा उभा. तो असा का कोरला याचा विचार पंडितांनी बराच केला आहे. आम्हां साध्या माणसांस एवढे दिसते की, प्रभूने त्या घटकेसही यहूदास पंगतीतून उठविले नाही, घास त्याच्याच पुढे केला. प्रभुभोजनास जाणाऱ्या प्रत्येकाने तेथे स्वतःस पाहावे असा त्या कोरीव कामाचा धडा आहे. खणाच्या मागील बाजूस खऱ्या काचेच्या गोल तावदानांची लहान खिडक्यांची रांग बसविली आहे. तीतून उजेड आत येतो व मूर्तींच्या डोक्यांमागे पसरतो. रंगाच्या जागी उजेड वापरण्याची त्याची हातोटी येथे पूर्णत्वास गेली.

दुसरी वेदी जवळच्याच क्रेगलिंगेन गावाबाहेर शेतातील एका लहान मंदिरात आहे. परंपरा अशी की, १३८४ साली एका शेतकऱ्यास नांगरताना मातीत पवित्र ओस्ती सापडली आणि त्या जागी हे मंदिर उभे राहिले. तिलमानाने १५०५ नंतरच्या वर्षांत तेथे पवित्र मरियेची वेदी कोरली. मरियेस देवदूत स्वर्गात उचलून नेत आहेत आणि खाली प्रेषित दोन गटांत विभागून, मान वर करून, पाहत आहेत, असे मधले दृश्य आहे. मरियेच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा शांतपणा अधिक आहे. खाली राहिलेल्यांच्या चेहऱ्यांवर आई घर सोडून जाताना मुलांच्या चेहऱ्यावर दिसते तेच आहे. बैठकीच्या खणात बारा वर्षांचा येशू मंदिरातील विद्वानांमध्ये बसलेला दाखविला आहे. त्या विद्वानांत एक टोपी घातलेला, पोक्त व काहीसा खिन्न माणूस आहे. तो स्वतः तिलमान असावा असे मानतात.

या काळात वुर्त्सबुर्ग येथील त्याचा कारखाना भरभराटीस आला होता. अनेक शिकाऊ मुले व कारागीर त्याच्या हाताखाली होते. त्याने घरे व द्राक्षमळे घेतले. १५०४ पासून तो नगरसभेचा सभासद झाला आणि १५२० साली शहराचा नगराध्यक्ष निवडला गेला. सुतार-मूर्तिकाराच्या पोटी एवढा मान त्या काळी क्वचितच येई. याच सुमारास फोल्काख गावाजवळील टेकडीवरच्या मंदिरासाठी त्याने जपमाळेची मरिया कोरली. गुलाबांच्या मोठ्या कोरीव कड्यात बाळास घेऊन उभी असलेली ही मूर्ती छतापासून टांगलेली आहे.

आता त्या आयुष्याच्या कसोटीचा प्रसंग आला. १५२५ साली जर्मनीच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी बंड केले. वेठबिगार, वाढते कर, रानातील लाकूडफाटा व शिकार यांवरील बंदी, यांनी ते गांजले होते. त्यांच्या मागण्यांत पुष्कळ न्याय्य होते, आणि त्यांच्या हातून मठ व गढ्या लुटण्याची अन्याय्य कृत्येही घडली. दोन्ही गोष्टी सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. वुर्त्सबुर्गचे बिशप हे त्या काळी त्या प्रांताचे राजेही होते. धर्माचा दंड व राज्याचा दंड एकाच हाती असला म्हणजे किती अवघड प्रसंग येतो, याचे हे उदाहरण आहे. शहरापलीकडे नदीच्या पार उंच टेकडीवर बिशपांचा मारियेनबेर्ग नावाचा किल्ला होता. शेतकऱ्यांच्या फौजा चाल करून आल्या, तेव्हा नगरसभेने बिशपांच्या बाजूने त्यांच्याशी लढण्यास नकार दिला. या नगरसभेत तिलमान होता. त्याचे वय तेव्हा सुमारे पासष्ट वर्षांचे होते. बिशपांच्या घराण्याने व धर्मगुरूंनी त्यास आयुष्यभर काम दिले होते. दोन बिशपांची समाधिस्थाने त्याने स्वतः कोरली होती. असा माणूस गप्प बसून आपले काम सांभाळता तर कोणी त्यास नावे ठेवली नसती. परंतु आपल्या गावच्या व शिवारातल्या गरिबांवर शस्त्र न धरण्याच्या निर्णयात तो इतरांबरोबर राहिला.

मे महिन्यात शेतकऱ्यांनी किल्ल्यावर हल्ला केला, तो फसला. जूनच्या आरंभी राजांच्या सैन्यांनी त्यांचा संपूर्ण पराभव केला. हजारो शेतकरी मारले गेले. शहर शरण आले आणि नगरसभेतील पुढारी पकडले गेले. तिलमानास मारियेनबेर्ग किल्ल्याच्या तुरुंगात टाकले व त्याचे हाल करण्यात आले. त्याचे हात मोडून टाकले अशी एक दंतकथा पुढे पसरली. तिला लेखी आधार नाही, म्हणून आम्ही ती खरी म्हणून सांगत नाही. जे नोंदलेले आहे तेवढेच पुरेसे दुःखद आहे. सुमारे दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याची सुटका झाली. मालमत्तेचा काही भाग जप्त झाला. नगरसभेतून तो काढला गेला. मोठी कामे त्याच्याकडे येईनाशी झाली. १५२७ साली किट्सिंगेन येथील जोगिणींच्या मठातील वेदीची त्याने दुरुस्ती केली. ज्याने तीस-तीस फुटांच्या वेद्या उभ्या केल्या, त्याच्या शेवटच्या कामांत दुसऱ्याची वेदी नीट करण्याचे हे काम येते. ते त्याने नाकारले नाही.

७ जुलै १५३१ रोजी तो देवाघरी गेला. मुलगा यर्ग याने त्याच्या थडग्यावर शिळा बसविली. शिळेवर एक म्हातारा, हाती जपमाळ घेऊन उभा आहे.

यानंतर जगाने तिलमानास पुरते विसरून टाकले. जर्मनीत धर्मसुधारणेची लाट आली. रोथेनबुर्ग व क्रेगलिंगेन येथील मंदिरे लूथरपंथीयांकडे गेली. अनेक गावी संतांच्या मूर्ती त्या काळी फोडल्या गेल्या. या दोन वेद्या मात्र वाचल्या. क्रेगलिंगेनच्या वेदीची दारे मिटून ठेवण्यात आली आणि ती मिटलेलीच राहिली. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. आत काय आहे हे लोक विसरले व कोरणाऱ्याचे नावही विसरले. बंद दारांमुळे धूर, धूळ व ऊन मात्र त्या मूर्तींपर्यंत पोहोचले नाही.

१८२२ साली वुर्त्सबुर्गच्या महामंदिराजवळ जुन्या दफनभूमीच्या जागी खणताना एक शिळा वर आली. तिच्यावर जपमाळ धरलेला म्हातारा होता व त्याचे नाव होते. त्यानंतर १८३२ साली क्रेगलिंगेनची दारे उघडली गेली. हळूहळू विद्वानांनी एकेका गावच्या मंदिरातील काम ओळखून त्या नावाशी जोडले. सुमारे तीनशे वर्षांनी हा कारागीर आपल्या कामास पुन्हा भेटला. आज त्याच्या मूर्तींचा सर्वांत मोठा संग्रह एका संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय मारियेनबेर्ग किल्ल्यातच आहे. ज्या किल्ल्यात त्यास कोंडले, त्याच किल्ल्यात लोक आता त्याचे दर्शन घेण्यास चढून जातात. त्याच्या थडग्याची मूळ शिळाही तेथेच ठेवली आहे.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. १९६२ साली फोल्काखची जपमाळेची मरिया चोरांनी रात्री पळवून नेली. सारा देश हळहळला. एका मोठ्या जर्मन साप्ताहिकाच्या संपादकाने एक लाख मार्क देऊ करून ती परत मिळविली व ती पुन्हा आपल्या टेकडीवर गेली. जी मूर्ती कोरणाऱ्याचे नावसुद्धा एके काळी कोणास ठाऊक नव्हते, तिच्यासाठी एक राष्ट्र असे कळवळले.

आता आपण आपल्या नदीकाठी परत येऊ. कोरीव लाकडाची ही विद्या आपल्या किनाऱ्यावरही मोठी होती. जुन्या गोव्यातील महामंदिराच्या मुख्य वेदीवर संत कातरिना हिचे चरित्र कोरून सोन्याने मढविले आहे. बॉम जेझू मंदिराची वेदीही तशीच. नमुने युरोपातून येत, हात मात्र पुष्कळदा येथल्याच कारागिरांचे असत. त्यांतील अनेक हिंदू होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने पवित्र मूर्ती व वस्तू हिंदू कारागिरांकडून करवू नयेत असा निर्बंध घातला, यावरूनच ती रीत किती रुळलेली होती हे कळते. गोव्यातील काही जुन्या प्रवचनपीठांच्या तळाशी नागकन्यांसारख्या आकृती पीठ तोलून धरतात. नमुना परदेशचा असला तरी पटाशीने आपल्या मुलखाची आठवण कोरून ठेवली. जुन्या गोव्यात संत मोनिकेच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, तेथे अशा कामाचे नमुने जपले आहेत. ज्यांना सवड होईल त्यांनी ते अवश्य पाहावे.

आमच्या पेण गावाचे नाव मातीच्या गणेशमूर्तींमुळे दूरवर गेले आहे. मूर्ती घडविणाऱ्या हाताची किंमत या गावास नव्याने सांगावी लागत नाही. मंदिरातील बाक, पापनिवेदनाची पेटी, वाचनाचे पीठ, पवित्र साक्रामेंताच्या पेटीची चौकट, हे सर्व कोणा ना कोणा सुताराने घाम गाळून केलेले असते. तो आमच्या धर्माचा असो वा नसो, त्याच्या हाताने देवाची सेवा झालेली असते. महोत्सव आला की मंदिर नवे दिसावे अशी आम्हां सर्वांचीच इच्छा असते, आणि म्हणून जुन्या सागवानावर तैलरंगाचा जाड थर चढविण्याचा किंवा ते मोडीत काढून नवे चकचकीत सामान आणण्याचा मोह होतो. म्युन्नरश्टाटच्या लोकांनाही तोच मोह झाला होता. त्या वेदीचे सोने आज टिकलेले नाही, आणि ज्या मरिया माग्दालेनेस पाहण्यास लोक आता म्युनिक शहरातील संग्रहालयात जातात, ती उघड्या लाकडाचीच आहे.

तेव्हा आमची आपल्या धर्मग्रामातील बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. कोकणचा पाऊस व वाळवी हे लाकडाचे दोन वैरी. बाकांचे पाय ओल्या फरशीवर टेकू न देता खाली दगडाची किंवा धातूची चकती ठेवावी. कोरीव पीठ भिंतीस चिकटवून न ठेवता मागे हात जाईल एवढी जागा सोडावी, म्हणजे वारा खेळेल व मातीचे घर दिसताच कळेल. कोरीव भागाची धूळ ओल्या फडक्याने न पुसता मऊ कुंच्याने झाडावी. मेणबत्त्या कोरीव फळीपासून दूर लावाव्यात. काही मोडले तर खिळा ठोकण्यापूर्वी जाणत्या सुतारास बोलवावे.

आणि याहूनही सोपी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. आमच्या मंदिरातील सामान कोणी केले हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आमच्यात आहेत. त्यांस विचारून, सुताराचे नाव, त्याचे गाव, लाकूड कोणते व कोणत्या साली काम झाले, हे धर्मग्रामाच्या वहीत लिहून ठेवावे. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वहीत आम्ही नावे लिहितो, मग वेदी कोरणाऱ्याचे का लिहू नये? तिलमानाचे नाव सापडण्यास तीनशे वर्षे व एक फावडे लागले. चौलच्या सुतारांसाठी ते फावडे अजून कोणाच्या हाती आलेले नाही. आमच्या सुतारांस त्याची गरज पडू नये.

नासरेथच्या सुताराने आपल्या घरी प्रभूस रंधा धरावयास शिकविले. त्या संत योसेफाच्या मध्यस्थीने आमच्या मंदिरांत काम केलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात कारागिरांस चिरंतन विश्रांती लाभो, आणि आज ज्यांच्या हाती पटाशी आहे त्यांच्या हातांस देवाचा आशीर्वाद असो, अशी प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतो.